रोपवाटिकेच्या वहीतून

18 फेब्रुवारी
सदाफुलीचं बी ट्रेमध्ये टाकलं. पांढरी, गुलाबी आणि पांढऱ्यात लाल डोळ्याची. वर कोकोपीटचा पातळ थर, त्यावर काळी पन्नी. हे बी अंधारात रुजतं. नवा पोरगा पन्नी उचलून उचलून पाहतो. रागावलो.

27 फेब्रुवारी
गुलाबी छान उगवली. पांढरी विरळ. पन्नी काढून ट्रे हिरव्या जाळीखाली ठेवले.
ताईचा फोन. नातवाचा, बारक्याचा, ताप उतरत नाही.

2 मार्च
मोह पडायला लागला. मोह वेचायला एकट्यानं जाऊ नका, वाघ आहे, असं वनखात्याचं माणूस गावोगाव सांगत फिरतंय. बाया तरी पहाटेच टोपल्या घेऊन जातात. नर्सरीत गिऱ्हाईक नाही.

4 मार्च
सावलीला, ताईकडे गेलो. बारक्या पांढराफटक. पायांवर निळे डाग. कुठे आपटला नाही म्हणतो. रिपोर्टवर पांढऱ्या पेशींच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण. नागपूरची चिठ्ठी दिली आहे. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही चला जी संगं."

7 मार्च
नागपूर. ब्लड कॅन्सर. लहान पोरांत होतो तो.
डॉक्टरबाई शांतपणे बोलल्या. बरं होण्यातला आजार आहे. दोन-अडीच वर्षं औषध चालेल. मधेच सोडायचं नाही. भाचसुनेनं एकच विचारलं, शाळेचं कसं करायचं.
महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद. रेशनकार्ड होतं, आधार होतं, फोटो नव्हता. फोटोवाला शोधत दुपार गेली.

8 मार्च
वॉर्डाबाहेर झोपलो. डास.
बाहेरच्या ओट्यावर आपल्याच भागातली माणसं जास्त. आरमोरी, धानोरा, चामोर्शी. बहुतेकांचं तोंडाचं दुखणं. खर्रा. तोंड उघडत नाही, पेज नळीनं. एकाचा भाऊ त्याच्याशेजारी बसून पन्नीत खर्रा घोटत होता. तंबाखू सोडवणारे 'मुक्तिपथ'वाले गडचिरोलीत गावोगाव खर्रा सोडा, हेच सांगत असतात. भाच्याच्या खिशातली पुडी काढून घेतली. त्यानं काही म्हटलं नाही. संध्याकाळी नवी आणली.

14 मार्च
औषधांची यादी धाकटीला पाठवली. ती बी. फार्म.ला आहे. फोनवर एकेक सांगितलं. प्रेडनिसोलोन. लाल रंगाचं ते डाउनोरुबिसिन. एल-अस्पॅराजिनेज. आणि व्हिंक्रिस्टीन, आठवड्यातून एकदा, शिरेतून. "बाबा, शेवटचं तुमच्या ट्रेमधलं."
मोघम माहीत होतं. नर्सरीत येणारा दर दुसरा माणूस 'ही कॅन्सरवर चालते' असं ऐकवून जातो. कुपीवरचं नाव मात्र आज पहिल्यांदा वाचलं.

16 मार्च
रोपं चार पानांवर. पिशव्यांत बदलली. माती, शेणखत, वाळू. वाळू जरा जास्तच. पाणी तुंबलं की हे झाड गेलं.

20 मार्च
बारक्या रात्री दोनला उठून आलूभजे मागतो. स्टेरॉइडची भूक. भाचसून डब्यात मुर्रा ठेवते. तो खातो आणि पुन्हा मागतो. जबडा दुखतो म्हणतो, तरी खातो. पोट साफ होत नाही. जबडा आणि पोट दोन्ही व्हिंक्रिस्टीनचं, असं नर्सबाई म्हणाल्या. औषध पेशीला दुभंगू देत नाही. नसांनाही त्याचा त्रास होतो.

21 मार्च
भाच्याचा फोन. कुणीतरी वॉर्डात त्याला सांगितलंय.
"मामा, तुमच्याकडं हजार झाडं उभी आहेत. पाला वाटून देल्ला त चालन नाही का जी? काहून सुया टोचून राह्यले लेकराले?"
डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय तोंडात काही घालू नको, एवढं म्हणालो.

25 मार्च
धाकटी होळीला आली. रंग धुऊन झाल्यावर बसली. ती सांगत गेली, मी उतरवून घेतलं.
1952. कॅनडात रॉबर्ट नोबल नावाच्या संशोधकाला त्याच्या डॉक्टर भावाकडून, क्लार्क नोबलकडून, पाकीट आलं. आत जमैकातल्या सदाफुलीची पंचवीस पानं. तिथले लोक त्याचा चहा करून मधुमेहावर पीत. नोबलनं उंदरांना तो पाजला. साखर होती तिथंच. मग अर्क टोचला. उंदीर मेले. जंतुसंसर्गानं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार उतरल्या होत्या. मग ज्या आजारात पांढऱ्या पेशी माजतात तिथं हे देऊन पाहावं, असं निघालं. 1958 मध्ये चार्ल्स बीअरनं त्यातून व्हिनब्लास्टीन वेगळं केलं.
त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा याच झाडावर काम करत होता. सुरुवात तिथंही मधुमेहाच्या ऐकीव गोष्टीवरूनच. व्हिंक्रिस्टीन त्यांचं. 1963 मध्ये तिकडं मंजुरी मिळाली. त्याआधी बारक्यासारखी पोरं जवळजवळ सगळी जायची.
हाच क्लार्क नोबल 1921 मध्ये बँटिंगच्या हाताखाली जायचा होता. तो आणि चार्ल्स बेस्ट यांनी म्हणे नाणं उडवलं. बेस्ट जिंकला आणि इन्सुलिनच्या गोष्टीत शिरला. मला ही गोष्ट फार आवडली. धाकटी म्हणाली, परीक्षेत विचारत नाहीत.

26 मार्च
भाच्यासाठी तागडी काढली. किलोभर ओला पाला तोडला, सावलीत पसरला.

31 मार्च
पाला कुरकुरीत. पावशेरसुद्धा भरला नाही. धाकटीच्या पुस्तकात लिहिलंय, एक ग्रॅम औषध हाती यायला शेकडो किलो वाळलेला पाला लागतो. त्या पाल्यात शंभरावर वेगवेगळी अल्कलॉइड. कुठलं नसा मारील, कुठलं रक्तदाब पाडील, वाटून प्यायलं तर कोण निवडणार? भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "असं हाय का." पटलं की नाही, कळलं नाही.
वाळलेला पाला खड्ड्यात टाकला. शेळी हुंगून गेली. तिला कळतं.

3 एप्रिल
बारक्याला पुन्हा ताप. पेशी खाली. अँटिबायोटिक. आईशिवाय कुणाला जवळ जाऊ देत नाहीत.

4 एप्रिल
काही लिहायचं नाही.

9 एप्रिल
ताप उतरला. गुढी उभारली. गुढीला सदाफुलीची माळ, बाकी फुलं कुठं आहेत यंदा.

15 एप्रिल
चंद्रपूरला महाकालीची यात्रा. झरपटेच्या काठी नांदेडकडची माणसं उतरलेली. रोपांची गाडी घेऊन गेलो होतो. तुळस संपली. सदाफुली बरी गेली.
येताना परकोटाजवळ थांबलो. गोंडराजांच्या भिंतीत, दगडांच्या फटीत सदाफुली. माती दिसत नाही, पाणी कुणी घालत नाही, वर कोळशाची धूळ. फुललेली.

23 एप्रिल
बोन मॅरोचा रिपोर्ट. रोगाच्या पेशी दिसत नाहीत. डॉक्टरबाईंनी पेढे वाटू दिले नाहीत. म्हणाल्या, ही पहिली पायरी, बरा झाला समजून घरी बसाल तर परत येईल.
ताईनं तरी मारुतीला नारळ फोडलं.

2 मे
त्रेचाळीस. झेंडू करपला, जर्बेरा करपला. सदाफुली दुपारी पानं किंचित मिटते, संध्याकाळी ताठ. नगरपरिषदेच्या ठेकेदाराला दुभाजकासाठी रोपं हवीत. भाव पाडून मागतो. चंद्रपूरच्या उन्हात दुसरं काय जगवून दाखवतो, विचारलं. जुन्या भावानंच घेऊन गेला.

6 मे
ताईकडून कळलं. भाऊजी रोज सकाळी उपाशीपोटी सदाफुलीची पानं चावतात. शुगरसाठी. होळीपासून गोळी बंद. झाड तुळशीवृंदावनाजवळचं, ताईनं माझ्याकडूनच नेलेलं.
नातवाला याच झाडाचं औषध चालतं म्हटल्यावर त्यांचा विश्वास दुप्पट झाला.

8 मे
भाऊजींशी बोललो. जमैका, उंदीर, सगळं सांगितलं.
"तुया उंदराची शुगर नसन उतरली. माही उतरली."
"मोजली?"
"मोजाले कायले पायजे? आंग हलकं वाटते."

11 मे
तेंदूपत्त्याच्या फळ्या लागल्या. नर्सरीतली पोरं सगळी तिकडं. एकटाच पाणी देतो. पहाटे चारला मोटार सुरू.

19 मे
सेहेचाळीस.

20 मे
सेहेचाळीस. वीज नाही.

24 मे
भाऊजींच्या अंगठ्याला जखम. नवी चप्पल लागली म्हणतात. महिना झाला म्हणे, आता दाखवली. गडचिरोलीला नेलं. शुगर 386. डॉक्टर पाल्याबद्दल ऐकून चिडले नाहीत. रोज हेच ऐकतात. मेथी, कारलं, जांभळाच्या बिया, सदाफुली. कारलं खा, भाजी आहे, सदाफुली बंद, असं म्हणाले. इन्सुलिन लिहून दिलं.
क्लार्क नोबल आठवला. भाऊजींना सांगितलं नाही.

3 जून
एक गृहस्थ आले. पांढरी गाडी. सदाफुलीची शेती करा म्हणतात, मूळही विकतं, पालाही विकतो. रोपं आम्ही देऊ, माल आम्हीच घेऊ. गावातले दहा-पंधरा शेतकरी जमवून द्या, तुम्हाला कमिशन.
खोटं काही बोलले नाहीत. तमिळनाडूच्या कोरडवाहू भागात लोक ही लावतात. मुळांतून अजमलिसिन निघतं, रक्ताभिसरणाच्या औषधासाठी. पाला-मुळं युरोप-अमेरिकेत गेली आहेत. लखनौच्या सीमॅपनं 'निर्मल', 'धवल' या जाती काढल्या. सगळं त्यांना पाठ होतं.
माल घेणाऱ्या कारखान्याचं नाव कागदावर द्या म्हटलं. पुढच्या खेपेला आणतो म्हणाले. सफेद मुसळीच्या वेळी विदर्भानं असंच काही ऐकलं होतं. बी विकणारे सुखात राहिले.

4 जून
अजमलिसिन हे नाव हकीम अजमल खानांवरून. सलीमुज्जमाँ सिद्दीकींनी सर्पगंधेतून अल्कलॉइडं काढली तेव्हा त्यांचं नाव दिलं. सर्पगंधा आणि सदाफुली एकाच कुळातल्या. कण्हेर, रुई, सातवीण, पांढरा कुडा, सगळे त्यातलेच. मोडलं की चीक, चावलं की कडू. आपल्या जंगलातला वैदू कुड्याची साल आवेवर देतो. सदाफुली देताना मी कुठल्या जुन्या वैदूला पाहिलं नाही. ती अंगणातली. जंगल तिला ओळखत नाही.

17 जून
पाऊस. मातीचा वास.

22 जून
बारक्या आठ दिवसांसाठी घरी. टक्कल, मास्क. मास्कवर वाघ काढलेला. चालताना उजव्या पायाची बोटं जमिनीला घासतात, चप्पल सुटते. तो चप्पल उचलून हातात घेतो आणि पुढे जातो. डॉक्टरबाईंना माहीत आहे. डोस संपल्यावर बहुतेक सुधारतं म्हणाल्या. टाचेवर चालायचा व्यायाम दिलाय.
मला विचारलं, "आबा, माह्या सुईचं झाड कोणतं?" दाखवलं. फूल तोडून कानात खोचलं. पाच मिनिटांत टाकून दिलं. बेडूक दिसला होता.

29 जून
ट्रेमध्ये मर लागली. देठ जमिनीपाशी काळं, रोप आडवं. पावसाचं पाणी जाळीतून ठिबकतं. बुरशीनाशक ओतलं. निम्मी पांढरी गेली. मेमध्ये सेहेचाळीस अंश सोसलेलं झाड जूनच्या ओलीत आठवड्यात जातं.

8 जुलै
पाठीच्या कण्यात इंजेक्शन. मेथोट्रेक्सेट. बारक्या सर्वांत जास्त याला घाबरतो.
धाकटी म्हणाली, या औषधामागेही आपल्या बाजूचा माणूस आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव, भीमावरमचे. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत त्यांच्या हाताखाली हे घडलं. सिरोंच्यापासून गोदावरीनं खाली जात राहिलं की तिकडंच पोचतो.
आणखी एक सांगितलं, ते अधोरेखित करून ठेवतो. व्हिंक्रिस्टीन चुकून कण्यात गेलं तर माणूस वाचत नाही. म्हणून लेबलवर 'फक्त शिरेतून' छापतात आणि दोन्ही औषधं एका वेळी एका टेबलावर येऊ देत नाहीत. शिरेबाहेर सांडलं तरी कातडी जळते. हे त्याच झाडातलं, ज्याची पानं लोक चावतात.

21 जुलै
पर्लकोटेला पूर. भामरागड तुटलं. वैनगंगाही फुगली आहे. ताईकडची रोवणी थांबली, बांध्या भरल्या.
नागपूरची तारीख चुकेल का, ही चिंता.

24 जुलै
भाचा बारक्याला खांद्यावर घेऊन पाण्यातून रस्त्यापर्यंत आला. पुढे ट्रॅक्टर, पुढे एसटी, मूलहून माझी गाडी. तारीख गाठली.

5 ऑगस्ट
लाल डोळ्याच्या वाफ्यात चार झाडं विचित्र. पानं बारीक, गुच्छ झालेली. फुलं हिरवी. पाकळीच्या जागी पान. तुडतुड्यांनी आणलेला पर्णगुच्छ, शेजारच्या वांग्यात दिसतो तसाच. उपटून जाळली. प्रयोगशाळांत हा रोग जिवंत ठेवायला मुद्दाम सदाफुलीच वापरतात, असं कृषी विज्ञान केंद्रात ऐकलं होतं.
सदाफुलीवर माणसानं काय काय सोपवलंय.

12 ऑगस्ट
शाळेतले गुरुजी आले. ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही पुन्हा भरायची आहे. सदाफुली लिहू का विचारतात. ती मादागास्करची, मी म्हटलं. "पण औषधी आहे." औषधी आहे. मग मादागास्करला काय मिळालं, असं त्यांनी विचारलं. काही नाही. कंपनीनं औषध विकलं, बेटावरच्या लोकांच्या हाती हिस्सा आला नाही. आपल्याकडं 2002 चा जैवविविधता कायदा आहे, त्यात हिश्श्याची तरतूद आहे. गुरुजींनी 'बाहेरून आलेली, अंगणात लावतात' असं लिहिलं. बरोबर लिहिलं. कुड्याच्या पानावर मात्र एकच ओळ होती. तिथं वैदूला बसवून घ्या म्हटलं.

3 सप्टेंबर
तान्हा पोळा. गर्दीत जायची मनाई. ताईनं अंगणातच तोरण बांधलं. बारक्यानं लाकडी नंदी ओढला, शेजारची दोन पोरं लांब उभी राहून पाहत होती. भाऊजींनी पाचाची नोट बोजारा दिला. त्यांचा अंगठा भरत आलाय. इन्सुलिन ताई टोचते.

19 सप्टेंबर
सिरोंच्याकडचं गिऱ्हाईक. 'बिल्ला गन्नेरू' मागितली. पंचवीस पिशव्या. शाळेच्या कुंपणाला लावणार. मुलं चावणार नाहीत ना, पाहा म्हटलं. तो हसला.

6 ऑक्टोबर
पांढऱ्या गाडीतले गृहस्थ कारखान्याचं नाव घेऊन आले नाहीत. शेजारच्या तालुक्यात दोघांनी एकेक एकर लावलीय, असं कळलं. फुललीय म्हणे छान.

14 ऑक्टोबर
शेंगा तपकिरी झाल्या. तडकायच्या आत तोडाव्या लागतात, नाहीतर बी मुंग्या नेतात. कागदावर पसरल्या. पुढच्या वर्षाचं बी. पांढरी मुद्दाम जास्त ठेवली.

27 ऑक्टोबर
एक बाई आली. पोटुशी. शुगर निघाली आहे. सासूनं पानं आणायला पाठवलं. रोप दिलं नाही. सासूला फोन लावून दिला, मीच बोललो. बराच वेळ. शेवटी मी चिडलो, त्याही चिडल्या. बाई आशा सेविकेकडे जाते म्हणाली.

2 नोव्हेंबर
बारक्याचं अवघड पर्व संपलं. आता रोजच्या गोळ्या, अधूनमधून सुई, नियमित तपासणी. अजून दीड वर्ष तरी. शाळेत जायला हरकत नाही म्हणतात. दफ्तर त्यानं कालच भरून ठेवलंय. टाचेवर आठ पावलं चालतो.

5 नोव्हेंबर
भाचा शांतपणे बसला होता. म्हणाला, "मामा, डॉक्टरबाईले मी विचारलो होतो, पाल्याचं. तवाच. त्या म्हणे, बरं झालं विचारलं, लय जण विचारतच नाही." खिशात खर्रा आहेच.

9 नोव्हेंबर
रंगाऱ्याकडून पाटी लिहून घेतली. सदाफुलीच्या वाफ्यासमोर ठोकली.
'शोभेचं आणि पूजेच्या फुलाचं रोप. कडक ऊन चालतं, साचलेलं पाणी चालत नाही. पाला खाऊ नका, काढा पिऊ नका. गरोदर बाईनं मुळीच नाही. शुगरची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. ज्याला कॅन्सर आहे त्यानं नागपूर गाठा, उशीर करू नका.'
पोरगा म्हणाला, भाऊ, अशानं गिऱ्हाईक पळते.

16 नोव्हेंबर
विक्री कमी झालेली नाही.